यंदा न सोडलेलं पाणी

यमूच्या आई,

नावानं कधी हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशी मारू? काल देपालपुरच्या शेतातला गहू इंदूरला घरी आला. पोतं उघडलं, मूठभर हातात घेतला आणि तसाच बसलो. दाणा चावून पाहायचं काम तुझं. माझ्या तोंडात दात कुठे आहेत! म्हणून लिहितो.

पहिलं पाणी पेरणीनंतर एकविसाव्या दिवशीच दिलं. विसाव्या दिवशीच जाऊन बसलो होतो, मोजणी चुकली असली तर? मुळं धरतात तेव्हा पाणी हुकलं की पुढे कितीही द्या, फुटवे येत नाहीत, हे तू किती वेळा ऐकवलंस!

शेवटच्या पाण्याचं मात्र जड गेलं. नखानं दाबल्यावर दाण्यातून दूध निघेनासं झालं की पाणी बंद, हा तुझा नियम. पण ऊन चढलं, कोरडा वारा सुटला. दाणा सुरकुतला तर? तीनदा विहिरीवरच्या इंजनापाशी गेलो. तिसऱ्यांदा शेजारची गेंदाबाई बांधावरून ओरडली, "दासाब, अब पाणी मती दो!" परत फिरलो.

गेल्या वर्षी फिरलो नव्हतो. तू नको म्हणत असताना पाणी सोडलं. गहू जास्त निघाला, मी गावभर फुशारकी मारली. तू एक दाणा चावलास, तो कट्ट वाजला नाही, आणि तळहातावर धरलास. उशिराच्या पाण्यानं आत पांढरा, खडूसारखा. "पोटिया झाला," एवढंच म्हणालीस. रागवायचं तरी होतंस!

यमूच्या सासरी दरवर्षी उकडून भाजायच्या बाफल्यांसाठी तुझा गहू जायचा. दुसरा नव्हता, तोच गेला. तिच्या सासूबाई हसत म्हणाल्या, "विहीणबाई, नजर कमी झाली वाटतं!" आणि तू म्हणालीस, "हो, यंदा माझंच चुकलं."

मी तिथेच चहा पीत होतो. का नाही बोललो? आणि तू तरी का झाकलंस माझं? पावसाळ्यात तू गेलीस, ते तसंच राहिलं.

यंदा गहू कमी आहे. चकाकतो, पण माझ्या डोळ्यांचा काय भरवसा? खळ्यावरच गेंदाबाईला दाणा दिला. "तमारा दांत बाई साथे लई ग्या कंई?" म्हणाली, माझे दात तू बरोबर नेलेस का विचारते! आणि चावली. कट्ट! मी आणखी दोन चावायला लावले. कट्ट, कट्ट. "अब म्हारा भी तोडोगा!" म्हणून उठून गेली.

रविवारी पोतं घेऊन यमूकडे जातो. गेल्या वर्षी पाणी मी सोडलं होतं, तुझ्या नजरेत काही कमी नव्हतं, हे यमूसमोर आणि तिच्या सासूबाईंसमोर सांगेन. चहा येण्याआधी सांगेन.

यमूचे बाबा