ग्रहणातला पेरू

माय, तुझी ती बाईची गोष्ट मला लिहून काढायची होती आणि तिचा शेवट काही केल्या सुचत नव्हता. मी अमरावतीत भयकथा लिहिते, लोक त्या मोबाईलवर ऐकतात. आमच्या संपादकाला गरोदर बाईची कथा हवी आहे. म्हणतो, अशी बाई असली की ऐकणारा हमखास घाबरतो. का घाबरतो, ते त्याला सांगता येत नाही. मला सातवा लागलाय, म्हणून मला ते ठाऊक असणार असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय.

मला अजून दिसतं, मी लहान आहे आणि हिवरखेडच्या स्वयंपाकघरात आपण दोघी तुरीच्या शेंगा सोलतोय. इतर बायकांच्या गोष्टींत बाळंतपणात मेलेली बाई उलट्या पायांची हडळ व्हायची. तुझ्या गोष्टीतली बाई जिवंतच होती. तिने काय खावं, कोणत्या कुशीवर निजावं, हे घर ठरवायचं. येणारा-जाणारा तिच्या पोटाला हात लावून पोटाशीच बोलायचा, आणि हळूहळू तिचा आवाज कोणाला ऐकूच येईनासा व्हायचा. मी विचारायचे, "माय, मंग भूत कवा येते?"

"काहून? आतापर्यंत भेव नाही वाटलं तुले?"

मग ग्रहण लागायचं. तिला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचे आणि ती उठून विळी घ्यायची. नेमकं इथेच तुला चुलीवरचं दूध आठवायचं आणि गोष्ट तिथेच राहायची.

माझ्या कानाच्या पाळीला जन्मापासून खाच आहे. आजी ती पाहुण्यांना दाखवायची, "ग्रहणात जांब कापला इच्या मायनं." पेरू कापला नाही, असं तू कधी म्हटलं नाहीस. मी एकदा विचारलं, तर शेंगांवरची नजर न काढता म्हणालीस, "मले खावासा वाटला. लय गोड होता."

आज ग्रहण होतं. सासूबाई फार मायेच्या आहेत, म्हणून तर त्यांचा शब्द मोडवत नाही. त्यांनी पडदे ओढले, मला पांघरूण घातलं आणि पोटावर हात ठेवून पोटालाच म्हणाल्या, "आता हलू नको बाप्पा." नवराही वाकून पोटाला म्हणाला, "आजीचं ऐकजो." मला बसायचंय, असं मी दोनदा म्हटलं. दोघंही पोटाकडे बघून हसत होते. एवढी भीती मी आजवर एकाही कथेत लिहिलेली नाही.

ते बाहेर गेल्यावर मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन सुरी घेतली आणि टोपलीतला पेरू कापला. आवाजाने सासूबाई दारात आल्या.

"काय करून राहिली वं?"

"जांब खातो."

कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कथेचा शेवट मला तिथेच मिळाला, संध्याकाळी मी तो लिहूनही टाकला.

हे तुला पाठवायला आता पत्ता उरला नाही, म्हणून खरं सांगते. दुपारपासून माझा हात सारखा कानाच्या खाचेवर जातोय. आणि पेरू अख्खा संपवला, पण त्याची चव काही केल्या आठवत नाही. तुझा तरी खरंच गोड होता का, माय?