सात नंबरचा ठिपका

मर्गिलान,
बुधवार, १८ सप्टेंबर, दुपार

प्रिय मस्तुरा ओपा,

सलाम. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण अंगणातली द्राक्षं तिने स्वतः शिडीवर चढून उतरवली. आम्ही ओरडलो तर म्हणते, "घरात एक खेळाडू आहे, एक वक्ता आहे. पडले तर एक उचलेल, दुसरा भाषण करील." निगोराचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत जपून ठेवलाय. मम्मीला दाखवल्याशिवाय टाकणार नाही, असं रोज बजावते. सोबिर पोच्चाही ठीक आहेत.

यल्दोश अका उद्या पहाटे गाडी घेऊन अल्माटीला निघताहेत. त्यांच्याबरोबर द्राक्षांची पेटी पाठवतोय, तेव्हा म्हटलं, धाकट्या भावाच्या चार ओळीही टाकाव्यात. सोमवारी तुझी नर्सिंगची परीक्षा आहे, हे लक्षात आहे. फार वेळ घेत नाही.

मी मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत बसलोय. बाहेर सराव चाललाय. तू जानेवारीत गेलीस तेव्हा हे यंत्र आलं नव्हतं, म्हणून सांगतो. प्रत्येक खेळाडू अंगात एक घट्ट काळी बंडी घालतो. बंडीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, साबणाच्या वडीएवढं यंत्र असतं. हा माणूस कुठे आहे आणि किती वेगात आहे, हे ते उपग्रहाकडून सेकंदाला दहा वेळा विचारून घेतं. छातीला एक पट्टा असतो, तो नाडी मोजतो. माझ्या पडद्यावर मैदान दिसतं आणि त्यावर नंबर घातलेले ठिपके हलतात. सोबिर पोच्चांचा, तुझ्या नवऱ्याचा, ठिपका सात नंबरचा. आत्ता तो मधल्या वर्तुळात आहे. चालतोय. नाडी ११८.

ओपा, आपल्या क्लबचा संघ इतकी वर्षं कोण निवडत होतं, हे तुला ठाऊक आहे. मैदान निवडत नव्हतं. कुणाच्या घरी कोण जेवायला बसतं, ते निवडत होतं. शहराचा कारभार बघणाऱ्या हाकिमसाहेबांचा पुतण्या जसूर दोन वर्षं आघाडीला खेळला आणि दोन वर्षांत त्याच्या मोज्यांनासुद्धा घाम आला नाही. त्याच्यापायी किती पोरं बूट विकून बाजारात रेशमाचे तागे उचलायला गेली! माझं रक्त तेव्हापासून उकळत होतं. म्हणून मार्चमध्ये बंड्या आल्या तेव्हा मी संघासमोर उभा राहिलो आणि बोललो. तू माझं बोलणं ऐकलंयस. सुरू झालं की मला स्वतःलाही थांबवता येत नाही. "या यंत्राला काका नाही, मामा नाही," मी म्हणालो. "त्याला तोंड नाही, म्हणून त्याला लाच चारता येत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की तू धावलास की नाही धावलास." आणि शेवटी मी नियम मांडला. सामन्यानंतरच्या पुलावाला यापुढे सर्वांत लहान पोरगा चहा ओतणार नाही. पूर्ण वेळ खेळून जो सर्वांत कमी धावला, तो ओतेल. गोलकीपरला वगळलं होतं, त्यामुळे सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच्या.

पहिल्याच आठवड्यात जसूरने केटली उचलली. पोरं गालातल्या गालात हसत होती. एप्रिलमध्ये तो संघाबाहेर गेला आणि हाकिमसाहेबांनाही काही बोलता आलं नाही, कारण आकडा भिंतीवर लावलेला होता. न्याय डोळ्यांनी पाहायला मिळतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या दिवसाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचंय ते वाचून तुला वाटेल, हा माणूस आता सगळंच नाकारतोय.

मे महिन्यात केटली पोच्चांच्या हातात आली.

त्यांचा खेळ तू लग्नाआधीपासून पाहतेस. चेंडू कुठे येणार हे त्यांना आधी कळतं, म्हणून ते आधीच तिथे जाऊन उभे असतात. यंत्राने त्याला कमी धावणं म्हटलं. मीही तेच म्हटलं. चौतीस वर्षांचा कर्णधार एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर केटली घेऊन उभा राहिला, तेव्हा ती पोरं लाजेने उठूनच उभी राहिली. पोच्चा म्हणाले, "बसा रे बसा. या वयात नवीन धंदा काढलाय, पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक उठलं तर मी खायचं काय?" सगळे खोखो हसले. त्यांनी प्रत्येकाला रीतीप्रमाणे अर्धा-अर्धा प्याला ओतला. माझा मात्र काठोकाठ भरला. भरलेला प्याला म्हणजे काय हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं: पी आणि चालता हो. मी हसत हसत उचलला आणि बोटं भाजून घेतली. घरी येऊन आईला सांगितलं, पोच्चांनी सगळं थट्टेवारी नेलं.

त्यानंतर ते कधीच शेवटी आले नाहीत. एका सामन्यात नऊ किलोमीटर धावणारा माणूस जूनमध्ये साडेनऊ धावला, जुलैत साडेदहा, ऑगस्टमध्ये साडेअकरा. ती वर चढणारी रेघ मी मोठ्या कागदावर काढून खोलीत लावली.

ठिपका आता डाव्या कडेला गेलाय. नाडी १४२. हलका सराव आहे, एवढी चालते. मी उगाच बघतोय.

तुला फोनवर सांगितलं होतं की शनिवारच्या सामन्यात उन्हामुळे ते जरा बसले. खरं तर ते एकाहत्तराव्या मिनिटाला खाली बसले आणि बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. नाडी सुटलेली नव्हती. मी तो क्षण चित्रफितीवर पुन्हा पाहिला. चेंडू तेव्हा बाहेर गेला होता, समोरचा खेळाडू तो आत फेकायच्या तयारीत होता, सगळे उभे होते आणि एकटे पोच्चा धावत होते. कुठे? कुठेच नाही. रिकाम्या जागेकडे. मग मी मागचे सामने काढून पाहिले. ते वाढलेले अडीच किलोमीटर जवळजवळ सगळे तसलेच निघाले. चेंडू बाहेर गेला की पळायचं, गोलकीपरच्या हातात असला की पळायचं. खेळण्यासाठी ते नऊच किलोमीटर धावत होते. उरलेलं केटलीपासून लांब राहण्यासाठी.

आणि काल सरावात त्यांची नाडी उतरेना. हे मला कालच कळलं.

नाही. वरची ओळ खोटी आहे. खोडत नाही, तशीच राहू दे, म्हणजे तुझा भाऊ अजूनही कसा निसटू पाहतो ते तुला दिसेल.

मला पहिल्यांदा कळलं तेरा ऑगस्टला. पूर्वी जोरात धावून थांबले की एका मिनिटात त्यांची नाडी १७२ वरून १३० वर यायची. त्या दिवशी दोन मिनिटांनीही ती १६८ होती, आणि मध्येच १९०, मध्येच १५०, पुन्हा १८५. मी आकड्यांच्या कागदावर शेरा लिहिला: "पट्टा सैल." कधी कधी पट्टा खरोखरच सैल होतो, ओपा. पण मी बाहेर जाऊन पाहिलं नाही. दहा दिवसांनी मला ताश्कंदला दोनशे प्रशिक्षकांसमोर बोलायचं होतं आणि पोच्चांची ती चढती रेघ माझ्या भाषणाचा कळस होती. चौतीस वर्षांचा माणूस आकड्यांच्या धाकाने पुन्हा तरुण झाला, असं मी तिथे गर्जून सांगितलं. लोक उभे राहिले. तू फोनवर म्हणालीस, "माझ्या दोन्ही पुरुषांचा मला अभिमान वाटतो." तेव्हा माझ्या खिशात तो कागद होता.

सत्तावीस ऑगस्टला पुन्हा तेच. शेरा: पट्टा सैल. सात सप्टेंबरला पुन्हा. पट्टा सैल.

काल मी तो पट्टा स्वतःच्या हाताने ओला केला आणि त्यांच्या छातीवर आवळला. ते म्हणाले, "अरे, श्वास तर घेऊ दे, माझ्यावर खोगीर चढवतोस की काय!" मग ते धावले. थांबले. कागद सोबत आहे. तू नर्सिंग शिकतेस, तुला माझ्या भाषणाची गरज नाही.

मी तो आणि आधीचे तीन कागद घेऊन तडक कोच तोहिर अकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून चारही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं, अका."

"तीनदा तूच लिहितोस पट्टा सैल. आता रविवारी उपांत्य सामना आहे आणि चौथ्यांदा तुझा पट्टा घट्ट? क्लबच्या डॉक्टरांनी हेच तीन कागद बघून सोबिरला खेळायला मोकळीक दिलीय. तेव्हा तू खोटं बोलत होतास की आज बोलतोयस?"

"तेव्हा."

"मग आज तुझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा, कोमिल?"

मी चारही कागद उचलले आणि बाहेर पडलो. हो, डॉक्टर. त्यांनाही भेटलो. म्हणाले, वय झालंय, मिठाचं पाणी द्या.

शेवटी पोच्चांनाच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. घरी जेवणाचा दस्तरखान मांडलेला होता. त्यांनी त्यावरचा अख्खा नान उचलून माझ्या हातावर ठेवला. "शपथ घे. सोमवारपर्यंत मस्तुराला एक अक्षर सांगायचं नाही. ती परीक्षा टाकून धावत येईल." मी म्हटलं, मग रविवारी खेळू नका. ते म्हणाले, "बसून राहिलो तर लोक म्हणतील म्हातारा घाबरला. खेळलो आणि कमी पळालो तर केटली. त्या पोरांनी माझ्यासाठी लाजून उठावं, हे मला पुन्हा बघवणार नाही रे." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

आई बघत होती. नान गरम होता. मी शपथ घेतली.

आता ती मोडतोय. अन्नाची शपथ मोडणाऱ्याला काय भोगावं लागतं ते मला लागो, त्यांना नको.

फोनवर का नाही सांगितलं? कारण तू लगेच त्यांना फोन लावला असतास आणि त्यांनी तुला गोड बोलून, हसवून, परीक्षेला बसवलं असतं. दर वेळी हेच होतं. तू समोर उभी राहिलीस की मात्र त्यांना खोटं बोलता येत नाही; लग्नाला दहा वर्षं झाली, मी एकदाही पाहिलं नाही. यल्दोश अका उद्या रात्री तुझ्या वसतिगृहाशी पोहोचतील. शुक्रवारी दुपारी परत निघतील. पुढची सीट तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय. शनिवारी तू घरी असशील, सामना रविवारी आहे. परीक्षा पुन्हा देता येते की नाही, मला माहीत नाही. चौकशी करायला हवी होती, केली नाही. भीती वाटली की नाही असं उत्तर आलं तर मी हे पत्रच पाठवणार नाही.

मध्ये थांबलो होतो. सराव संपला आणि पोच्चा इकडेच आले. दारापासून खुर्चीपर्यंत सात पावलं. बसल्यावर बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"काय लिहितोयस? भाषण?"

"हो."

"लहान ठेव. गेल्या वेळी माझे पाय दुखले होते, नुसतं ऐकून."

मी चहा ओतला. त्यांनी प्याल्यात डोकावून पाहिलं. "अर्धाच?"

"अर्धाच. बसा अजून थोडा वेळ."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बसून राहिले. तीन प्याले प्यायले. बंडी काढताना हात वर नेला तेव्हा चेहरा दुसरीकडे वळवला. मग निगोराला शाळेतून आणायला गेले. चालत. पडद्यावर आता सात नंबरचा ठिपका नाही, बंडी इथे खुंटीवर लटकतेय. त्यांची नाडी आत्ता किती आहे, हे मला कळायला काहीच मार्ग नाही.

चारही कागद सोबत आहेत. पहिल्या तिन्हींवरचा शेरा मी तसाच ठेवलाय. चौथ्यावर आज लिहिलं: "पट्टा घट्ट होता. मी आवळला होता." खाली सही केलीय. त्याच कागदाची दुसरी प्रत मी परवा भिंतीवर लावणार आहे, जिथे ती रेघ होती. शुक्रवारी संघाचा पुलाव आहे. केटली मी उचलणार आहे आणि प्रत्येकाचा प्याला ओतताना त्याला सांगणार आहे की मी काय केलं. मग क्लबने मला ठेवावं किंवा काढावं. पण पोच्चा माझं ऐकून थांबणार नाहीत. माझ्या शब्दांची किंमत मीच घालवून बसलोय.

तू ये, ओपा. त्यांच्या मनगटावर तुझी बोटं ठेव. तिथे जे कळेल ते मात्र कुणाला खोटं ठरवता येणार नाही.

या वेळी टाळ्या नको असलेला, तुझी वाट बघणारा,
तुझा धाकटा
कोमिल