सतरा इंचांवर लाल पट्टी

आत्याला लांबूनच नमस्कार (जवळ असते तर आधी कान पिरगळला असतास). तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. का ते मीच सांगते, त्यांच्याकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

अप्पांचा पार्किन्सन तुला माहीतच आहे. हात थरथरतो त्याचं त्यांना काही नाही, वैताग पायांचा. हॉलमधून छान येतात, आणि दार आलं की पाय जमिनीला शिवून टाकल्यासारखे. त्यात बाबांनी मागून "चला, चला" केलं की आणखीच घट्ट. व्यायाम शिकवायला येतात त्या ताई म्हणाल्या, जमिनीवर आडव्या पट्ट्या लावा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय आपसूक उचलला जातो. मी लगेच लाल चिकटपट्टी आणून लावली. तर अप्पा, तुझेच वडील ते (दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, पण शिंप्याची टेप अजून गळ्यात) म्हणाले, ही काय टीप घातलीस, सापासारखी? सगळ्या उखडून, मोजून, सतरा-सतरा इंचांवर परत लावायला लावल्या. पण दारातून गेले हं! बाथरूमपर्यंत, न अडकता.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. रविवारी बाबा दाढी करत होते, तेवढ्यात मी त्याच पट्ट्या जेवणाच्या टेबलाभोवती गोल लावल्या. अप्पा बाथरूमला म्हणून निघाले ते टेबलाभोवती फिरायला लागले. एक हात टेबलाच्या कडेवर, एक फेरी, दोन, तीन. पाचवीला बाबा अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर! म्हणे आजारी माणसाची थट्टा करतेस, लाज वाटत नाही? अप्पा म्हणाले, थांब रे, आत्ता कुठे वळण जमतंय, आणि सहावी पुरी केली. बाबांनी तिथेच जाहीर केलं की तू पाठवतेयस ती चाकांची खुर्ची आली की अप्पा तिच्यातच बसणार, तुझ्या नव्या घरी येतानासुद्धा. मी चुकले, आत्या. पुन्हा नाही करणार.

तुझी (सुधारलेली) भाची

ता. क. सुधारलेली वगैरे खोटं आहे. गोल पट्ट्या अप्पांनीच माझ्याकडून लावून घेतल्या. त्यांना तुझ्या नव्या घरात स्वतःच्या पायांनी शिरायचंय आणि बाबा पडण्याच्या भीतीने जास्त चालू देत नाहीत, म्हणून हा सराव. आळ मी घ्यायचा असं ठरलं होतं. माझं नाव आधीच इतकं खराब, त्यात एक डाग कुणाला दिसतोय. बाबांना सांगू नकोस.

आणखी एक. खुर्ची पाठव, लांबच्या रस्त्याला लागेलच, हे अप्पाही कबूल करतात. पण ती तुझ्या फाटकाशी थांबेल. तिथून दारापर्यंत पट्ट्या लावून ठेव, सतरा इंच, सरळ (ते टेप घेऊनच येतायत). आणि शेवटची पट्टी उंबऱ्याच्या आत लाव. बाहेर लावलीस तर तुझा बाप दारातच शिवला जाईल.