जावयाला बोलायचं नसतं

नाना, परवा एक गाडी परत आली. परत आलेली गाडी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. चार दिवसांपूर्वी धुऊन-पुसून पाठवलेली असते, आणि सकाळी शटर उघडतो तर तीच दारात तोंड पाडून उभी. जुनं दुखणं गेलेलं असतं, नवीनच काहीतरी उपटलेलं असतं, आणि ते आपणच अंगाला चिकटवून दिलं असावं अशा नजरेनं गिऱ्हाईक आपल्याकडे बघत असतं. ही ब्रेकचं काम करून गेली होती. आता पुढचं चाक तापतंय, जळका वास येतोय, हजीऱ्यापर्यंत जाईस्तोवर दोनदा थांबावं लागलं, अशी तक्रार. चाक खोलून पाहिलं तर ब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळलेले. काम दाजींनी केलं होतं. ते चार हातांवर चष्मा पुसत उभे होते. आणि मी काय केलं असेल? गिऱ्हाइकादेखत माझ्या थोरल्याला झापलं. त्याला त्या गाडीचा रंगसुद्धा माहीत नव्हता. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याचं ते बघणं मला ओळखीचं वाटलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

ताईच्या लग्नाच्या वेळी दाजी लूमवर होते. तुम्हाला आठवत असेल, मग त्यांच्या शेठनं कारखाना विकला आणि ते घरी बसले. तुम्ही मायला म्हणालात, जावई लोकांच्या दारात काम मागत फिरण्यापेक्षा आपल्या गॅरेजात आलेला बरा. मी तेव्हा शाळा सोडून तुमच्या हाताखाली राबत होतो. सुरतेत उधन्याचं ते पत्र्याचं गॅरेज, तो खड्डा, रॉकेलनं भरलेलं ते पसरट टिपाड, हे सगळं एक दिवस माझंच, असं मी गृहीत धरून चाललो होतो. दाजी आले त्या दिवशी तुम्ही त्यांच्यासाठी शेजारच्या दुकानातून खुर्ची मागून आणलीत. गॅरेजात खुर्ची कुणाला होती, नाना? तुम्ही स्वतः जुन्या टायरवर बसायचात. "बसा पाहुणे. चहा घेता ना?" असं तुम्ही म्हणालात, आणि मी गाडीखालून डोकं बाहेर काढून बघितलं की हे बोललं कोण.

कारण आमच्याशी तुम्ही जन्मभर अहिराणीत बोललात. शिव्या अहिराणीत, माया अहिराणीत, हिशेबही अहिराणीतच. ती पुस्तकातली मराठी मी तुमच्या तोंडून फक्त एकदा ऐकली होती, शाळेत हेडमास्तरांनी बोलावलं होतं तेव्हा. दाजी काही पुण्याचे नव्हते, आपल्याच तालुक्यातले. तेही घरी अहिराणीच बोलायचे. पण त्यांच्यासाठी तुम्ही 'बसा', 'घेता का', 'जरा इकडे बघता का' असे इस्त्रीचे शब्द काढायचात आणि मला "ओ, तठे काय मराले बसना?" लोकांना जमिनीचा, दागिन्यांचा मत्सर वाटतो. मला क्रियापदांचा वाटायचा. हसू नका.

दाजींना काम यायचं, हे मी आज कबूल करतो, तेव्हा मेलो तरी केलं नसतं. इंजिनवर हात ठेवून ते नुसतं ऐकत बसायचे आणि टॅपेट सेट करायचे तर आवाज लोण्यासारखा व्हायचा. पण त्यांचं मन शेवटाला उडायचं. अवघड ते नीट करायचे आणि सोपं विसरायचे. गिअर बॉक्स उतरवून चढवला की एखादा नट बोटानं फिरवलेला तसाच राहायचा. मग गाडी गेल्यावर दोन-तीन दिवसांत थरथरत परत यायची. तुम्ही गुपचूप खाली शिरायचात, पाना फिरवायचात, बाहेर येऊन हात पुसायचात आणि दाजींना म्हणायचात, "काही विशेष नव्हतं, पाहुणे." माझी गाडी परत आली की मात्र सगळं गॅरेज गोळा करून माझ्याकडूनच ती खोलून घ्यायचात, आणि चूक सापडेपर्यंत तुमची टकळी चालू. मी एकदा मायजवळ रडगाणं गायलो. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "जवाईले कोनी बोलतस का?" झालं. न्यायनिवाडा संपला.

आणि मग ती फियाट. साडीवाल्या शेठची, दुधी रंगाची. त्यांच्यामुळे त्यांच्या मार्केटातल्या अर्ध्या गाड्या आपल्याकडे यायच्या. रेडिएटर साफ करायला आणि वॉटर पंप बदलायला दिली होती. काम दाजींकडे. रेडिएटर काढला की नळ्यांच्या तोंडात चिंधी कोंबायची, कचरा आत जाऊ नये म्हणून, हा तुमचाच नियम. चिंध्यांना आपल्याकडे काय तोटा? साड्यांच्या कटिंगचं पोतं कायम भरलेलं, त्यामुळे आपल्या गॅरेजात काळं ऑइलसुद्धा जरीच्या काठानं पुसलं जायचं. गाडी जोडली, गॅरेजच्या मागच्या रस्त्यानं एक चक्कर मारली, ठीक वाटली, शेठ घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोला दोर बांधून आली. शेठ कुटुंबाला घेऊन लग्नाला निघाले होते. कामरेजच्या पुढे हायवेवर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला, बायका भर उन्हात रेशमी साड्या सावरत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि वऱ्हाड पुढे निघून गेलं. शेठ भला माणूस, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, रिपेर कर्या पछी वधारे बगडी." दुरुस्तीनंतर जास्तच बिघडली. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही खालची नळी सोडवलीत, आत बोट घातलंत आणि ओढलंत. बाहेर आली राणी रंगाची ओली चिंधी, हातभर, जरीच्या काठासकट. दाजींचा चेहरा मी पाहिला. त्यांना बोलावं लागलं नाही, कपाळावरच लिहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, आता. आता तरी कळेल नानांना. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पाना उचलला.

तुम्ही ती चिंधी मुठीत दाबलीत, वळलात, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "तुनं ध्यान कोठे ऱ्हास रे? तोंडमा कोंबेल चिंधी काढाले तुना बाप येई का?" शेठला अहिराणी कळत नव्हती, पण ऐकू येत होतं. तुम्ही बोलत राहिलात, मी ऐकत राहिलो. कधी नव्हे ते मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर दाजींचं नाव घ्यावं लागलं असतं आणि ताई दिवसभर रडली असती. लेकी बोले सुने लागे म्हणतात. ही म्हण बायकांची असं मी समजायचो. आपल्या गॅरेजात ती तुम्ही चालवलीत. फरक इतकाच की लेकीला निदान माहीत असतं, हे आपल्यासाठी नाही. मला तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठीच आहे, आणि वर चिंधीही माझीच ठरली.

शेठ निघताना तुम्हाला म्हणाले, "मारी गाडीने आ छोकरो हाथ नई लगाडे." माझ्या गाडीला या पोरानं हात लावायचा नाही. आणि दाजींकडे बोट दाखवून, यापुढे हे करतील. तुम्ही मान हलवलीत. नुसती मान. त्यानंतर कित्येक वर्षं त्या दुधी फियाटचं तेल बदलायचं असलं तरी शेठ दाजींना शोधायचे, आणि दिवाळीला घारी मिठाईचा डबा दाजींच्या हातात द्यायचे. दाजी तो डबा माझ्याकडे सरकवायचे. मी एकदाही उघडला नाही. मुलं खायची, मी घारी उष्टी म्हणून उठून जायचो. तुमच्या लक्षात आलं होतं का?

तरी तेही गिळलं असतं. पण फियाटच्या त्या वर्षीचा आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण मला गिळता आला नाही. ताई-दाजी जेवायला होते, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं साग्रसंगीत. जेवण झाल्यावर तुम्ही जावयाला टॉवेल-टोपी दिलीत, ते रीतीचं. आणि मग आतून ती पिशवी आणलीत. कॅनव्हासची, पट्ट्याची, आत तुमचे रिंग पाने, पहिल्यांदा सुरतला आलात तेव्हा उस्तादानं दिलेले. मी लहानपणी त्या पिशवीला हात लावला म्हणून चापट खाल्ली होती. तुम्ही ती दाजींच्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "हे तुमच्याकडे राहू द्या." दाजी नको नको म्हणत होते. मी आमरसाची वाटी घेऊन मोरीकडे गेलो आणि ती इतका वेळ घासली की मायनं विचारलं, भोक पाडतोस का. जळून खाक होणं म्हणजे काय ते मला त्या मोरीत कळलं. त्या पान्यांची किंमत मला नव्हती हो. माझ्याकडे नवे, चकचकीत होते. मला ती चापट परत हवी होती, म्हणजे ते पाने माझ्यासाठी राखून ठेवलेत असा तिचा अर्थ लागला असता.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा दुपारी मी तुमच्याजवळ बसायचो. बाहेरून लूमची खटखट यायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एके दिवशी मला वाटलं तुम्ही झोपलात. मी उठायला लागलो तर म्हणालात, "पाहुनाना हातले गुण शे." पाहुण्याच्या हाताला गुण आहे. मी म्हटलं, हं. मी वाट बघत राहिलो. पुढे काहीतरी येईल, 'आन तुना', आणि तुझ्या, असं काहीतरी सुरू होईल, असं मला वाटत होतं. तुम्ही पाणी मागितलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललात ते सगळं औषधांचं आणि पावसाचं.

परवा थोरल्याला झापल्यावर संध्याकाळी दाजी माझ्याजवळ येऊन बसले. आता त्यांनाही खुर्ची लागत नाही, टायरवर बसतात. म्हणाले, "भाऊ, चूक मनी व्हती. माले बोलाले पाहिजे व्हतं." मी म्हटलं, तुम्हाला कसं बोलू? ते हसले. तुम्हाला ते अजून मामाच म्हणतात. म्हणाले, "मामानी माले कधी एक शिवी बी दिधी नई. तुम्हले रोज दिधी. मी तठे पाहुनाच ऱ्हायनू." त्या राणी रंगाच्या चिंधीच्या दिवशी, म्हणाले, त्यांना घरी जेवण गेलं नाही. मामा त्यांच्या अंगावर धावून येतील, दोन कानाखाली ठेवतील, मग तेही या गॅरेजचे होतील, असं वाटून ते उभे होते म्हणे. तुम्ही वळलात आणि माझ्याकडे आलात. "तुम्हना हेवा वाटना माले," असं ते म्हणाले. नाना, मला! मी आयुष्यभर ज्या माणसाच्या खुर्चीवर, पान्यांवर, मिठाईवर जळलो, तो माझ्या शिव्यांवर जळत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण आधी गुदगुल्या झाल्या.

मग त्यांनी विचारलं, अगदी खाली बघून, नखातलं ग्रीस काढत, "मना कामबद्दल मामा कधी काही बोलनात का?" सत्तरीला आलेला माणूस, केस पांढरे, आणि विचारतोय असं, जसा मी त्या दुपारी तुमच्या खाटेशी बसलो होतो. माझ्या जिभेवर ते हाताच्या गुणाचं वाक्य आलं होतं. छोटंसं तर आहे. मी म्हटलं, "नानाले तशी सवय नव्हती." त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि त्या कॅनव्हासच्या पिशवीतून पाना काढून ते ब्रेक स्वतः सैल करून आले. कुणी सांगितलं नव्हतं.

हे मी कुठे पाठवणार? गॅरेजात ठेवलं तर दाजींच्या हाती लागेल, म्हणून घरी ठेवतो. कालपासून एकच विचार डोक्यात फिरतोय. तुम्ही त्यांच्याबद्दल माझ्याजवळ बोललात, तसे माझ्याबद्दल कधी त्यांच्याजवळ बोलला असाल. तुमची रीतच ती, एकाचं दुसऱ्याला सांगायची. असेल काही तर ते त्यांच्यापाशी असेल, आणि तेही इतकी वर्षं दाबून बसले असतील. उद्या सकाळी ते येतील, टायरवर बसतील, चहा घेतील. विचारायला काही लागत नाही. पण मी विचारलं तर मलाही सांगावं लागेल. म्हणून मी विचारणार नाही.