मेव्हण्याला लोळवायची तयारी

२० नोव्हेंबर १९७४, सांगली
मेव्हण्याची हाडं मोडणार. ठरलं. दिवाळीत सासुरवाडीला, कोरेगावात, सगळ्या भावकीदेखत हंबीरराव म्हणाला, "दाजी, तुमच्या अंगात नुसती हळद हाय, रगत न्हाई." हळदीच्या पेढीवर कारकून असलो म्हणून काय झालं? तो मिलिटरीत असेल त्याच्या घरी! जत्रेच्या फडात त्याच्याशीच कुस्ती धरणार, असं सांगून आलोय. रोज पाचशे जोर.

२१ नोव्हेंबर, पहाटे ५
जोर बारा. उरलेले उद्या.

२७ नोव्हेंबर
जोर दोनशे, बैठका चारशे! रागावर निघतात. प्रत्येक जोराला हंबीररावाचं एक हाड मोडतो. गोदामात पोत्याला बुक्क्या घातल्या. पोतं फाटलं. मालक विष्णुपंत ओरडले. हंबीररावानंतर त्यांचा नंबर.

२९ नोव्हेंबर, सकाळी
लघवी लालभडक. रगत नाही म्हणतो काय! बायकोला, बयाबाईला, बोलावून दाखवली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. कौतुकानंच.

३० नोव्हेंबर
बायकोनं डॉक्टरकडे ओढून नेलं. तो म्हणाला, अति व्यायामानं होतं असं. आठ दिवस पूर्ण बंद, मग परत तपासू. तरीही रक्त दिसलं तर मिरजेला जावं लागेल. हा नक्की हंबीररावाला फितूर. घरी येऊन तीनशे जोर मारले.

३ डिसेंबर
पुन्हा लाल. कमरेत कळ. बायकोनं धने-जिऱ्याचं पाणी दिलं. पेला भिंतीवर फेकला.

८ डिसेंबर, कोरेगाव
जत्रा. हलगी कडाडली. मी शड्डू ठोकला. हंबीरराव आला, वाकून माझ्या पाया पडला आणि आपणहून उताणा झाला. म्हणाला, "घरच्या जावयाला पाडू व्हय? जितलासा, दाजी." लोक खिदळले. मी बरगडीत लाथ घातली. "आनी घाला," म्हणाला. उठला नाही. पंचांनी मला नारळ दिला. चीतपट विजय!

९ डिसेंबर, सांगली
नारळ देव्हाऱ्यात ठेव म्हणालो, तर बायको भडकली. "आवं, म्याच दादाला पत्र धाडलं हुतं. ह्यांचं रगत जातंय, हात लावू नगंस, माज्या कुंकवाची आण घातली."
नारळ भिंतीवर आपटायला उचलला. आपटला नाही. दहा दिवस ही पदरानं नाक पुसत होती. मला वाटलं, सर्दी झालीय.