बापाच्या बोलीत वाढलेल्या लेकीस

मी भगवती, रूरी मॅकिनन याची विधवा, मूळची कोकणातल्या विजयदुर्गाची, हल्ली राहणार शमें ग्रेनिए, मोरिस बेट. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. मी सांगते ते सीतारामभाऊ लिहितात.

१. राहतं घर, मागच्या दोन फणसांसकट, माझी एकुलती एक मुलगी पुष्पावती हिला. बाप तिला मोराग म्हणे आणि ती त्याच नावाला ओ देई. कागदावर मी ठेवलेलंच नाव राहील.

२. बैलगाडी व बैल शेजारच्या गोवर्धनास. गाडीची पुढची फळी मात्र त्याने उखडून चुलीत घालावी. नवरा ऊस गाळायचे चरक दुरुस्त करत बेटभर फिरे. फ्लाक, ग्राँ पोर, सावान, सगळं त्या गाडीतून पाहिलं. बापलेक पुढच्या फळीवर, मी मागे बोचकी सांभाळत. स्कॉटलंडकडच्या कुठल्याशा बेटावरची त्याची गेलिक भाषा. पोरीला बोल फुटले तेही त्याच भाषेत. माझ्या वाट्याला दोघांचं मोडकं क्रेओल, इथली बाजारातली बोली. माहेबूरचा समुद्र दिसला की दोघं काहीबाही बोलून खिदळत. मी विचारायची, "काय गं झालं?" तर पोर म्हणे, "नार्यें, मामाँ." म्हणजे काही नाही! मी कोकणातली, मला काय समुद्र ठाऊक नव्हता? नुसता जळफळाट व्हायचा. अजून होतो.

३. नवऱ्याचे हातोडे, सांडशी, कानशी विकून टाकाव्या. मरताना तो लेकीच्याच कानाशी बोलला. पाय चेपत मी बसले होते. काय म्हणाला विचारलं, तर "ते माझ्यापुरतं होतं," म्हणाली.

४. एवढं कलम सीतारामभाऊंनी मी जिवंत असतानाच तिला क्रेओलात समजावून सांगावं. शेवटचं पाणी माझ्या तोंडात तिनेच घालावं आणि 'आये' म्हणून हाक मारावी. मामाँ चालणार नाही. तो शब्द येत नाही म्हणाली तर ऐकू नये. लहानपणी उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं, तेव्हा बाप हात पसरून समोर उभा होता. पोर "आये, आये" ओरडत त्याला चुकवून माझ्याकडे धावली. त्या दिवशी तो जेवला नाही. मी त्याच्या वाटचंही जेवले.

भगवती, निशाणी बांगडी
साक्ष : हरिलाल, निशाणी नांगर
साक्ष : चंपा, निशाणी बांगडी
लिहिणार : सीताराम, दस्तुर खुद्द
शमें ग्रेनिए, ९ ऑगस्ट १८६३