फरशीवरचे चरे

ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "भाषण कुठे ठेवलं होतं रे?" मी म्हणालो, "बँकेच्या नव्या प्रशिक्षण केंद्रात," आणि विषय बदलला. खरं सांगायची छाती झाली नाही. ते केंद्र म्हणजे तुझा बाळंतपणाचा वॉर्ड गं.

आमची बँक बुडायला आली तेव्हा सरकारने ती वाचवली. शाखेत आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या पैशांची भरपाई म्हणून पुढे वर्षानुवर्षं दवाखान्यांच्या खर्चाला कात्री लागली आणि पाचव्या वर्षी तुझ्या वॉर्डाला कुलूप. वीस वर्षं तिथे नर्स होतीस तू. आणि मी तुला काय सुनावलं? "थोडी झळ सगळ्यांनाच सोसावी लागते." त्याच महिन्यात मला बढती मिळाली होती. पुढे ती रिकामी इमारत बँकेनेच स्वस्तात घेतली.

भाषणाचा विषय होता, 'धोका वेळीच कसा ओळखावा'. बुडीत कर्जांच्या कागदांवर डोळे झाकून सह्या ठोकणारा मी, नव्या पोरांना अक्कल शिकवत होतो! बोलता बोलता खाली लक्ष गेलं. खाटांच्या चाकांचे चरे अजून तसेच आहेत. तिसऱ्या खिडकीपाशी माझी लेक जन्मली, तुझ्या हातांत.

चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, "सर, फरशीवर हे चरे कसले हो?"

मी म्हणालो, "कपाटं सरकवली असतील."

तुझा धाकटा